जोगणी, शीव आणि हजेरी : 'फकिरा' वर्गात शिकवताना

शाळेतल्या मराठीच्या अध्यापनात 'प्रतीक' या शब्दाची जेवढी दुर्दशा झाली आहे, तेवढी दुसऱ्या कोणत्या वाङ्मयीन संज्ञेची झाली असेल असे मला वाटत नाही. बाजारातल्या गाईडांनी त्याचा तक्ता करून टाकला आहे. दिवा म्हणजे ज्ञान, कमळ म्हणजे पावित्र्य, गंगा म्हणजे शुद्धता, वादळ म्हणजे संकट. डावीकडे वस्तू, उजवीकडे अर्थ, मध्ये बरोबरचे चिन्ह. विद्यार्थी तो पाठ करतो, परीक्षेत उतरवतो, गुण मिळवतो. या साऱ्या व्यवहारात त्याच्या अनुभवाला कोणी हात लावीत नाही आणि त्याच्या विचाराला तर कोणी बोलावीतच नाही.

खालापूर तालुक्यातल्या ज्या शाळेत मी मराठी शिकवतो, तिथे साजगाव, खोपोली आणि आसपासच्या वाड्यांवरची मुले येतात. आगरी आणि मराठा घरांतली मुले आहेत, बौद्ध आणि मातंग वस्तीतली आहेत, ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरून चालत येणारी आहेत. काहींचे बाप खोपोलीच्या कारखान्यांत आहेत, काहींचे आईबाप दिवाळी उलटली की वीटभट्टीवर जातात. अशा मुलांसमोर कमळ म्हणजे पावित्र्य असे सांगून मोकळे होणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. म्हणून शनिवारच्या वाचनाच्या तासांना मी नववी-दहावीच्या मुलांबरोबर अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी वाचतो. अभ्यासक्रमाची सक्ती नाही, परीक्षेचा प्रश्न नाही. त्या वाचनातून प्रतीक या कल्पनेविषयी जे काही हाती लागले, ते प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

प्रथम एक मूलभूत गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रतीक हे वस्तूच्या अंगी जन्मतः नसते. समाज ते तिच्यावर चढवतो आणि ज्यांच्या हाती सत्ता असते, त्यांनी चढवलेला अर्थ शाश्वत म्हणून मिरवला जातो. हे मुलांना समजावून सांगण्यासाठी मला पुस्तक उघडावे लागत नाही. साजगावच्या मुलाला ते त्याच्या गावातच दिसते.

साजगावचा विठोबा 'बोंबल्या विठोबा' म्हणून ओळखला जातो. कार्तिकी एकादशीपासून तिथे मोठी जत्रा भरते आणि त्या जत्रेत सुक्या मासळीचा प्रचंड बाजार भरतो. किनाऱ्याकडची सुकी मासळी इथे येते आणि बोरघाटाच्या वरून उतरलेली माणसे वर्षाची बेगमी करून घरी जातात. नावाची उपपत्ती लोक वेगवेगळी सांगतात. कोणी सुक्या बोंबलांमुळे म्हणतात, कोणी तुकोबांशी संबंध जोडतात. तुकोबा मिरचीचा व्यापार करीत कोकणात उतरत, ही कथा इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. कथा खरी किती हा प्रश्न वेगळा. परंतु पंढरपूरचा विठोबा म्हटले की डोळ्यांसमोर येते ती तुळशीमाळ, उपवास आणि सोवळे. साजगावचा विठोबा म्हटले की नाकाशी येतो तो सुक्या बोंबलांचा वास. देव तोच, एकादशीही तीच. मग अर्थ का बदलला? कारण भोवतालची माणसे बदलली, त्यांचे काम बदलले, त्यांचे अन्न बदलले.

हा प्रश्न वर्गात टाकला की मुले एकदम जागी होतात. ज्या वासाला शहरात नाके मुरडली जातात, तो वास इथे देवाच्या नावात शिरला आहे, हे त्यांना स्वतःचे स्वतःला सापडते. प्रतीक म्हणजे काय याचा पहिला पाठ तिथेच पुरा होतो. वस्तूचा अर्थ तिला हाताळणाऱ्या माणसांकडून येतो. आणि माणसे समान नसतील तर अर्थही समान असू शकत नाही.

मराठी समीक्षेने प्रतीकाची चर्चा पुष्कळ केली आहे. परंतु ती मुख्यतः नवकाव्याच्या आणि नवकथेच्या अंगाने झाली. प्रतीक हे व्यक्तीच्या अंतर्मनाचे, तिच्या एकाकीपणाचे, तिच्या विफलतेचे चिन्ह मानले गेले. ज्या समाजाचे अंतर्मन पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्याच्या साहित्यातही प्रतीके असू शकतात, हा विचार फारसा कोणाला शिवला नाही. अण्णा भाऊंच्या कादंबरीविषयी बोलताना शौर्य, वेग, रंजकता, लोकभाषा असे शब्द वापरले गेले. प्रतीक हा शब्द राखून ठेवला गेला तो इतरांसाठी. जणू दलित लेखक फक्त सांगतो, सुचवीत नाही. त्याच्याकडे आशय असतो, रचना नसते. हा समज शाळेपर्यंत झिरपला आहे आणि शिक्षकाने तो शाळेतच मोडला पाहिजे.

शाळेत ज्या पुस्तकाचा सर्वांत अधिक आदर होतो, त्या 'श्यामची आई'चे उदाहरण घेऊ. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात एका महार म्हातारीची लाकडाची मोळी खाली पडते. स्पर्श नको म्हणून कोणी पुढे होत नाही. श्यामची आई श्यामला मोळी उचलून द्यायला सांगते आणि मग घरी येऊन अंघोळ करायलाही सांगते. या प्रसंगात मोळी हे करुणेचे प्रतीक आहे, असे शिक्षक सांगतात. ते खोटे नाही. त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या स्त्रीने एवढे करणे हे सोपे नव्हते आणि ज्या लेखकाने मे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले, त्याच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु बौद्धवाड्यातून आलेल्या मुलाचे लक्ष मोळीवर राहत नाही. ते जाते अंघोळीवर. ते पाणी कशाचे प्रतीक आहे? मोळीने म्हातारीचे ओझे हलके केले, अंघोळीने ते पुन्हा तिच्या डोक्यावर ठेवले. दोन्ही वस्तू एकाच प्रसंगात आहेत. परंतु पिढ्यान्‌पिढ्या एकच शिकवली गेली. प्रतीक शिकवताना काय शिकवायचे याच्याइतकेच काय वगळायचे हेही ठरलेले असते, ते असे.

आता 'फकिरा'कडे वळू. ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. वि. स. खांडेकर यांची तिला प्रस्तावना आहे आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. लेखकाने ती बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. लेखक वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या मांगवाड्यात १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मला आणि १८ जुलै १९६९ रोजी वारला. शाळेचे शिक्षण त्याच्या वाट्याला जवळजवळ आलेच नाही. ज्याला शाळेने बाहेर ठेवले, त्याचे पुस्तक शाळेत शिकवताना शिक्षकाने ही गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. फकिरा हा कल्पनेतला वीर नव्हे. तो वारणेच्या खोऱ्यात होऊन गेला, लेखकाच्या नात्यातला होता. म्हणजे इथे जे प्रतीक उभे राहते, ते आधी रक्तामांसाचे होते.

कादंबरीतले पहिले मोठे प्रतीक म्हणजे जोगणी. ज्या गावाकडे जोगणी, त्या गावाला जत्रेचा मान. ती शिगावात आहे, वाटेगावला ती नाही. दुसऱ्या गावातून जोगणी आणायची तर जीव हातावर घेऊन जायचे आणि शीव ओलांडायची. गावाला हा मान मिळावा म्हणून फकिराचा बाप रानोजी मांग जोगणी आणतो आणि शिगावच्या खोताच्या हातून मारला जातो. वाटेगावची जत्रा सुरू होते ती रानोजीच्या रक्तावर.

गाईडाच्या पद्धतीने सांगायचे तर जोगणी हे गावाच्या अस्मितेचे प्रतीक आहे, असे एका ओळीत सांगून पुढे जाता येईल. मी तसे सांगत नाही. मी मुलांना तीन प्रश्न विचारतो. वस्तू कोणाच्या हातात आहे? तिच्यासाठी किंमत कोणी मोजली? आणि तिचा लाभ कोणाला झाला? साजगावच्या जत्रेचा अनुभव असलेल्या मुलांना हे प्रश्न अवघड जात नाहीत. जत्रा म्हणजे बाजार, बाजार म्हणजे पैसा, पैसा म्हणजे मान, हे ती जाणतात. दुकान कोणाचे लागते, जागा कोणाच्या मालकीची असते, मानाचा नारळ कोणाच्या हाती जातो आणि जत्रा उठल्यावर झाडलोट कोण करतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते.

एका मराठा घरातल्या मुलाने म्हटले की रानोजीने गावाची शान राखली. त्यावर बौद्धवाड्यातल्या एका मुलाने विचारले, देवी त्यांची, जत्रा त्यांची, मग मान कापून घ्यायची ती आपण का? वर्ग क्षणभर गप्प झाला. माझ्या मते या दोन वाक्यांत 'फकिरा'ची सारी समीक्षा आहे. पहिला मुलगा खोटे बोलत नव्हता. गावाच्या दृष्टीने तेच खरे होते. दुसऱ्या मुलाच्या घरात १९५६ नंतर देव उरलेला नाही. जोगणीसाठी मरणे त्याला मूर्खपणाचे वाटणार, हे स्वाभाविक आहे. शिक्षकाने यांपैकी एकाला बरोबर आणि दुसऱ्याला चूक ठरवले की प्रतीक मेले. कारण प्रतीकाचे सामर्थ्य याच तणावात आहे. रानोजीला गावाकडून माणूस म्हणून मान हवा आहे आणि गाव त्याच्यापुढे तो मिळवण्याची एकच वाट ठेवते: मरणाची. जोगणी ही त्या व्यवहाराची खूण आहे. अण्णा भाऊ रानोजीच्या शौर्याचा गौरव करतात, हे खरे. पण जोगणी गावात आली तरी मांगवाडा गावाबाहेरच राहतो, हेही त्याच कादंबरीत आहे. वाचकाने दोन्ही वाचले पाहिजे.

यावर आमच्यातलेच काही मित्र आक्षेप घेतात. देवदेवस्कीच्या या कथा नव्या पिढीला कशाला शिकवायच्या, त्याऐवजी थेट विचार सांगा, असे ते म्हणतात. आक्षेपामागची कळकळ मी मानतो. परंतु नकार द्यायचा तर तो कशाला द्यायचा हे मुलाला दिसले पाहिजे. जोगणीच्या पाठीमागे काय दडले आहे हे न पाहता ती टाकून दिली तर उद्या तीच जोगणी वेगळे नाव घेऊन, वेगळ्या मिरवणुकीत, त्याच्याच खांद्यावर येऊन बसेल. आणि ती पेलण्यासाठी पुन्हा वस्तीतलीच पोरे पुढे असतील. हे आपण आपल्या गावोगावी पाहत नाही काय?

दुसरे प्रतीक म्हणजे शीव. जोगणीच्या साऱ्या रिवाजाला शिवेचा नियम आहे. शिवेच्या आत पकडले तर मरण, ओलांडली तर जय. आता गावाची शीव राखणारा कोण? बलुतेदारीत तो महार आणि मांग. ज्याला गावात घर नाही, त्याने गावाची सीमा सांभाळायची. ज्याला आतला मान नाही, त्याने आत आणि बाहेर यांच्यामधली रेषा जपायची. हा विरोधाभास मुलांना नकाशा काढायला सांगून शिकवता येतो. मी त्यांना आपापल्या गावाचा नकाशा काढायला सांगतो: देऊळ, शाळा, नळ, स्मशान, वाडे, वस्त्या. कोणी कोणाच्या नकाशाशी तुलना करा असे सांगावे लागत नाही. एका मुलाच्या नकाशात वस्ती कोपऱ्यात असते, दुसऱ्याच्या नकाशात ती मध्यभागी असते, कारण तो तिथे राहतो. नकाशे शेजारी ठेवले की शीव कोणी आखली हा प्रश्न आपोआप उभा राहतो. कादंबरीत खोताचा हिशेब चुकवण्याची वेळ येते, तेव्हा फकिरा त्याचा जीव घेत नाही, हात तोडून त्याला सोडतो. बापाच्या मारेकऱ्याला तो सोडतो, पण मारणारा हात सोडत नाही. माणूस आणि त्याच्या हातातली सत्ता यांत फकिराने केलेला हा भेद दहावीच्या मुलाला नीट कळतो.

तिसरे प्रतीक मला सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि ते गाईडांच्या तक्त्यात कधीच सापडणार नाही. ते म्हणजे हजेरी. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढवली आणि जन्मानेच माणसाला गुन्हेगार ठरवले. मांगांनी चावडीवर येऊन हजेरी द्यावी, हा जुलूम कादंबरीत फकिराच्या बंडाच्या मुळाशी आहे. स्वतंत्र भारतात हा कायदा १९५२ साली रद्द झाला. परंतु १९५९ साली, म्हणजे ज्या साली 'फकिरा' प्रसिद्ध झाली त्याच साली, मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा झाला. जुन्या संशयाला नवे नाव मिळाले. विमुक्त म्हटल्या गेलेल्या जमाती पोलिसांच्या नजरेतून मुक्त झाल्या नाहीत.

हजेरी हा शब्द शाळेतल्या मुलाला रोज ऐकू येतो. म्हणून मी विचारले की चावडीवरची हजेरी आणि शाळेतली हजेरी यांत फरक काय? पुष्कळ उत्तरे आली. कातकरी वाडीतली एक मुलगी, जी एरवी फारशी बोलत नाही, म्हणाली की शाळेत नाव घेतात ते आम्ही आलो का हे बघायला आणि चावडीवर नाव घेत ते आम्ही पळालो नाही ना हे बघायला. प्रतीकाची इतकी नेमकी व्याख्या मी कोणत्याही समीक्षाग्रंथात वाचलेली नाही. कृती एकच: नाव पुकारणे आणि माणसाने 'हजर' म्हणणे. एका ठिकाणी ती नागरिकत्वाची खूण, दुसऱ्या ठिकाणी गुलामीची.

आणि तिथेच तिने न विचारलेला प्रश्नही माझ्यापुढे उभा राहिला. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिवासी जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या बाकीच्या दोन. कात पाडण्यावरून जिचे नाव पडले, त्या जमातीचे जंगल गेले, काताचा धंदा गेला आणि वाट्याला आल्या त्या कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्या. उचल घेतलेली असते, ती फेडायला सारे घर भट्टीवर जाते. पावसाळ्यात वर्गात बसलेले मूल हिवाळ्यात दिसेनासे होते. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग लागते. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला. नववी-दहावीतले मूल बहुधा त्या वयाच्या बाहेर गेलेले असते आणि ते गळले तर कायद्यालाही त्याची आठवण होत नाही. मग ती गैरहजेरी कशाचे प्रतीक म्हणायची? मुलाच्या आळसाचे? की ज्या व्यवस्थेने त्याच्या आईबापाला हंगामापुरते विकत घेतले, तिचे? 'फकिरा' वाचत असताना वर्गातले हे रिकामे बाक मुलांना दिसू लागतात. साहित्याच्या तासाला एवढे जरी झाले तरी तो तास वाया गेला नाही, असे मी मानतो.

तलवार आणि घोडा यांविषयी फारसे लिहीत नाही, कारण मुले ती आपसूक शोधतात. तलवारीबद्दल मात्र एक सांगायला हवे. फकिराच्या घराण्यातली तलवार शिवाजी महाराजांनी त्याच्या पूर्वजाला दिलेली, असे कादंबरीत आहे. म्हणजे मांगाच्या हातातले शस्त्र हे चोराचे हत्यार नव्हे, ती राज्य उभारणाऱ्याची खूण आहे, असा दावा लेखक करतो. इतिहासात आपला वाटा मागण्याची ही रीत आहे. शेवटी सरकार बायकापोरांना वेठीला धरते आणि आपल्या माणसांसाठी फकिरा स्वतःहून हजर होतो, तलवार खाली ठेवतो. इथेही तो 'हजर' होतो, पण ही हजेरी सरकारने मागितलेली नसून त्याने दिलेली आहे. चावडीपासून या शेवटापर्यंत एका शब्दाचा प्रवास लक्षात घेतला म्हणजे दलित लेखकाकडे रचना नसते असे म्हणणाऱ्यांना उत्तर देण्याची गरज उरत नाही.

लेखक ही प्रतीके मुद्दाम घालतो का, असे मुले नेहमी विचारतात. हा प्रश्न जगभरच्या मुलांना पडतो. १९६३ साली अमेरिकेतल्या ब्रूस मॅकॅलिस्टर नावाच्या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने शिक्षकांच्या प्रतीकशोधाला कंटाळून दीडशे लेखकांना प्रश्नावली पाठवली होती. जवळजवळ निम्म्यांनी उत्तरे दिली. त्यांत 'इनव्हिजिबल मॅन' या १९५२ च्या कादंबरीचा कृष्णवर्णीय लेखक राल्फ एलिसन होता. प्रतीक हे कृतीतून उद्भवते आणि तसे उद्भवते तेव्हाच ते कथेत उत्तम काम करते, अशा आशयाचे त्याचे उत्तर होते. काळ्या माणसाच्या आणि दलिताच्या साहित्याची तुलना आपण पुष्कळदा करतो, पण बहुधा ती वेदनेपाशी थांबते. एलिसनचे हे म्हणणे रचनेबद्दलचे आहे आणि ते आपल्याला अधिक उपयोगी आहे.

कारण आपल्याच जिल्ह्यात त्याचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. ते पाणी प्यायल्याने कोणी अमर होणार नव्हते आणि न प्यायल्याने कोणी मरणार नव्हते, हे ते स्वतः जाणत होते आणि त्यांनी ते सांगितलेही. इतरांसारखी आम्हीही माणसे आहोत, हे त्या ओंजळीने सिद्ध करायचे होते. आधी कृती झाली, प्रतीक मागून आले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. तिथेही कागद जळाले आणि मग अर्थ पेटला. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात नाग्या महादू कातकरी गोळीला बळी पडला. माथेरानचे भाई कोतवाल यांनी कर्जतच्या परिसरात शेतकऱ्यांसाठी धान्याच्या पेढ्या काढल्या, १९४२ मध्ये विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह ते मारले गेले. दुष्काळात धनिकाचे धान्य लुटून उपाशी माणसांना वाटणारा फकिरा आणि सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून धान्यपेढी काढणारे कोतवाल यांची सांगड मुलांनीच घातली. धान्य हे प्रतीक कशाचे, असे मला विचारावे लागले नाही.

'फकिरा'च्या मर्यादाही मुलांपुढे ठेवल्या पाहिजेत, नाहीतर आपणही भक्तच तयार करू. या कादंबरीत भला पाटील आणि भला कुलकर्णी यांच्यावर लेखकाचा फार विश्वास आहे. व्यवस्था वाईट आणि तिचे अधिकारी व्यक्ती म्हणून चांगले, असे चित्र त्यामुळे उमटते. स्त्रिया सोसतात, धीर देतात, वाट पाहतात, परंतु निर्णय बहुधा पुरुषच घेतात. फकिराची आई राधा हिच्या नजरेतून जोगणीची गोष्ट सांगा, असे मी मुलींना लिहायला देतो. त्यांच्या लिहिण्यात गावाचा मान एका ओळीत संपतो आणि घरात आता मिळवणारा कोण हा प्रश्न पानभर चालतो. ही टीकाच आहे, आणि ती अण्णा भाऊंच्या विरोधातली नसून त्यांच्या पुढे जाणारी आहे.

तीच कसोटी आपल्या चळवळीलाही लावली पाहिजे. निळा झेंडा, पुतळा, जयंतीची मिरवणूक ही आपली प्रतीके. कृतीतून ती जन्मली तेव्हा त्यांत आग होती. आज वस्तीत पुतळा उभा राहतो आणि त्याच वस्तीतले मूल भट्टीवर जाते, तेव्हा त्या पुतळ्याचा अर्थ काय उरतो? ज्या बोटाने बाबासाहेब वाट दाखवतात त्या बोटाकडे आपण पाहतो, वाटेकडे पाहत नाही. जोगणीला विचारलेले तीन प्रश्न आपल्या प्रतीकांनाही विचारायची हिंमत विद्यार्थ्यात यावी. ती आली तर शिक्षकाला बरे वाटो वा न वाटो, चळवळीचे भलेच होईल.

माझ्या शिक्षक बंधुभगिनींना म्हणून माझे सांगणे थोडक्यात असे आहे. कादंबरीचा उतारा शिकवून प्रतीक कळत नाही. हजेरी हा शब्द आरंभी आणि अखेरीस भेटल्याशिवाय त्याचा अर्थ उमलत नाही. म्हणून वेळ लागला तरी चालेल, संपूर्ण पुस्तक मोठ्याने वाचा. अर्थ आधी सांगू नका. वस्तू आधी दाखवा, तिला हात कोणाचा लागतो ते विचारा. सर्वांचे एकच उत्तर आले तर समजा की कोणी तरी गप्प बसले आहे, आणि त्याला शोधा. पाटलाच्या मुलाला अपमान वाटेल म्हणून प्रश्न टाळू नका आणि दलित मुलाला वर्गासमोर नमुना म्हणून उभेही करू नका. दोघेही वाचक आहेत. आणि जे मूल त्या दिवशी वर्गात नाही, ते का नाही हे शोधायला त्याच्या वाडीपर्यंत, गरज पडली तर भट्टीपर्यंत चालत जा. पुस्तकाची एक प्रत बरोबर न्या. ते मूल ज्या पानावर थांबले असेल, तिथून पुढे वाचायचे आहे.